‘रात्री १२ ते पहाटे ४ सेवा बंद’: त्या चार तासांत बँकेच्या डेटाबेसचं नेमकं काय होतं?

शनिवारी संध्याकाळी असा मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. ‘प्रिय ग्राहक, देखभालीच्या कामामुळे आज रात्री १२ ते पहाटे ४ या वेळेत मोबाईल बँकिंग, यूपीआय आणि एटीएम सेवा बंद राहतील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आपण तो वाचतो आणि विसरतो. मग त्याच रात्री साडेबाराला सोलापूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पिऊन क्यूआर स्कॅन करतो, गोल चक्र फिरत राहतं, आणि खिशात दहाची नोटही नसते.

मनात येतं, माझा फोन तर अर्ध्या तासात अपडेट होतो, यांना चार तास कशाला लागतात? प्रश्न अगदी रास्त आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि अशा बऱ्याच रात्री जागून काढल्या आहेत, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

ॲप ही फक्त खिडकी

फोनवरचं बँकेचं ॲप म्हणजे काउंटरची खिडकी समजा. तुमची शिल्लक, व्यवहार, पत्ता, सही हे सगळं आत, डेटाबेसमध्ये असतं. ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नेहमीची नावं. आणि हे फक्त मोठ्या बँकांकडेच असतं असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा वजनकाटा, महापालिकेचा घरपट्टीचा विभाग, हॉस्पिटलची केसपेपर खिडकी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याचं बिलिंग, या सगळ्यांच्या मागे कुठला ना कुठला डेटाबेस बसलेला असतो.

त्याचं अपडेट दोन प्रकारचं असतं. पॅच म्हणजे गळणाऱ्या छताची डागडुजी: घर तेच, फक्त भोक बुजवायचं. मेजर व्हर्जन अपग्रेड म्हणजे सगळं सामान घेऊन नव्या घरात जाणं. आतली रचना बदलते, काही जुन्या सोयी काढून टाकलेल्या असतात, आणि कालपर्यंत चालणारी एखादी क्वेरी आज दहापट वेळ घेऊ शकते. फोनचं अपडेट बिघडलं तर एका माणसाचा फोन बंद पडतो. इथे लाखभर खातेदार सोमवारी सकाळी दारात उभे असतात.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’

हे वाक्य मी जितक्या ऑफिसांत ऐकलंय तितकं ‘चहा घेणार का’ सुद्धा ऐकलं नसेल. त्यात तथ्य नाही असं नाही. चालू गाडीचं बोनेट उघडणं धोक्याचंच असतं. पण डेटाबेसची प्रत्येक आवृत्ती एका ठराविक तारखेला निवृत्त होते. पोस्टग्रेएसक्यूएलची नवी मेजर आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मायएसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा ९ जुलै २०२४ ला. त्यानंतर सॉफ्टवेअर बंद पडत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. ते पूर्वीसारखंच चालत राहतं, फक्त नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येत नाही. (जादा पैसे मोजून काही वर्षं आधार वाढवून मिळतो, पण छोट्या संस्था सहसा तेवढं मोजत नाहीत.)

पॅच पुढे ढकलण्याची किंमत काय असते याचं जुनं पण अजून शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे स्लॅमर. २५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या एका त्रुटीतून हा वर्म सुटला. आकार फक्त ३७६ बाईट, म्हणजे एखाद्या व्हॉट्सॲप मेसेजएवढा. दहा मिनिटांत त्याने जगभरातले पंचाहत्तर हजारांच्या आसपास सर्व्हर गाठले. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या सुमारे १३ हजार एटीएममधून पैसे निघेनात. ती त्रुटी बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिला होता. सहा महिने तो लावायला कुणाला ‘विंडो’ मिळाली नव्हती.

विंडो म्हणजे काम बंद ठेवायला मिळालेली वेळ. इथे प्रत्येक धंद्याचं वेगळं पंचांग असतं. बँक मार्चअखेरीला कुणालाही सर्व्हरजवळ फिरकू देत नाही. साखर कारखान्यात गाळप सुरू झालं की हंगाम संपेपर्यंत वजनकाटा थांबवायची भाषासुद्धा काढायची नाही, कारण बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. त्यामुळे तिथलं सगळं काम उन्हाळ्यात, आणि तेव्हा राहिलं तर थेट पुढच्या उन्हाळ्यात.

त्या रात्री काय घडतं

चार तासांतला प्रत्यक्ष अपग्रेडचा वेळ कधीकधी वीस मिनिटांचाच असतो. बाकीचा वेळ भीतीसाठी राखून ठेवलेला असतो. आधी ॲपचे सगळे दरवाजे बंद करायचे, म्हणजे नवा व्यवहार आत यायला नको. मग शेवटचा बॅकअप. मग अपग्रेड. मग तपासणी: आधी मोजून ठेवलेल्या नोंदी तेवढ्याच आहेत का, एकूण शिल्लक पैशापर्यंत जुळते का, दिवसअखेरीचा रिपोर्ट निघतो का. आणि एक वेळ आधीच ठरवलेली असते, समजा अडीच वाजता. तोपर्यंत सगळं हिरवं नसेल तर चर्चा न करता मागे फिरायचं, जुनी आवृत्ती परत उभी करायची. ही वेळ कागदावर लिहिलेली नसेल तर तीन वाजता कुणीतरी ‘अजून दहा मिनिटं बघू’ म्हणतो, आणि सकाळ होते.

आपल्याकडे यात एक खास मराठी भानगड असते. ‘Solapur’ ऐवजी ‘सोलापूर’ लिहिलं की काय होतं? इंग्रजी स्पेलिंगमध्ये सात अक्षरं, सात बाईट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘सोलापूर’ची काना-मात्रा धरून चिन्हंही सातच, पण प्रत्येकी तीन बाईट, म्हणजे एकवीस. जुन्या ओरॅकल डेटाबेसमध्ये कुणी गावाच्या नावासाठी वीस बाईटचा रकाना ठेवला असेल, तर युनिकोडवर जाताना आपलंच शहर त्यात मावत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमधला डेटा. तिथे आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि तो फॉन्ट लावला की ती मराठी दिसतात. नव्या सिस्टीमवर फॉन्ट गेला की खातेदारांची नावं म्हणजे नुसती अक्षरांची भेळ. आधी कन्व्हर्टरमधून काढून, मग माणसं बसवून नावं तपासावी लागतात, आणि हे काम चार तासांचं नसून चार महिन्यांचं असतं.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे डेटाबेस न बदलता फक्त खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं. लिनक्समध्ये ‘जीलिबसी’ नावाची लायब्ररी असते. तिच्या २०१८ मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीने अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. पोस्टग्रेएसक्यूएलचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले होते. म्हणजे शब्दकोश जुन्या क्रमाने छापलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. नोंद आत असते, पण सापडत नाही. एररही येत नाही. उपाय साधा आहे, इंडेक्स नव्याने बांधायचे, पण तो ठाऊक असायला हवा.

डेटा नीट पोचला म्हणजे सगळं झालं असंही नसतं. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने ५२ लाख ग्राहकांचा डेटा एका वीकेंडला नव्या सिस्टीमवर नेला. डेटा पोचला, पण नवी सिस्टीम भार पेलू शकली नाही आणि लाखो लोक दिवसेंदिवस खात्याबाहेर अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला.

बॅकअप होता. म्हणजे, होता असं वाटत होतं

आता मुख्य मुद्दा. अपग्रेड फसो, हल्ला होवो, की कुणाच्या हातून चुकीची कमांड दाबली जावो, वाचवतो तो बॅकअपच. आणि बहुतेक ठिकाणी बॅकअप ‘घेतला जातो’, पण तो परत चढवून कुणी पाहिलेला नसतो.

गिटलॅब ही कोड ठेवायची सेवा तुमच्यातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वापरत असतील. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसून नव्याने कॉपी करायचा होता. कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. ठीक आहे, बॅकअप आहेत ना, म्हणून पाहायला गेले, तर क्लाऊडमधला बॅकअपचा फोल्डर रिकामा. डेटाबेस ९.६ आवृत्तीवर चालत होता आणि बॅकअप घेणारं टूल ९.२ आवृत्तीचं सुरू होत होतं. आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून ते रोज एरर देऊन थांबायचं. त्या एररचे ईमेलही जायचे, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. शेवटी सहा तासांपूर्वी एकाने चाचणीसाठी सहज काढून ठेवलेली प्रत कामी आली. सेवा जवळपास अठरा तास बंद राहिली, सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या, सुमारे सातशे नवी युजर खाती त्यात होती. गिटलॅबने मात्र काहीच लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सगळी कारणं लिहून प्रसिद्ध केली. म्हणूनच हे आपल्याला ठाऊक आहे.

माझाही एक अनुभव. पुण्यातल्या एका क्लायंटकडे अपग्रेडच्या आधी मी हट्टाने म्हटलं, कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून दाखवा. फाइल होती, आकार बरोबर होता, तारीखही बरोबर. पण ती एन्क्रिप्ट केलेली होती आणि तिची किल्ली दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे. सुदैवाने त्याने फोन उचलला. जुन्या वहीत त्याने ती लिहून ठेवली होती. वहीत किल्ली लिहिणं किती चुकीचं, यावर त्या दिवशी मी एक शब्दही बोललो नाही. किल्ली मिळाल्यावर दुसरी गोष्ट कळली: बॅकअप चाळीस मिनिटांत निघायचा, पण परत चढवायला अकरा तास लागले. आमची विंडो चार तासांची होती! अपग्रेड तीन आठवडे पुढे गेलं.

अजून एक गैरसमज इथेच मिटवू. ‘आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, एकाचा डेटा दुसऱ्यावर आपोआप जातो.’ याला रेप्लिका म्हणतात, बॅकअप नाही. मुख्य सर्व्हरवर चुकून नोंद पुसली की ती रेप्लिकावरूनही काही क्षणांत पुसली जाते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस पसरला तेव्हा आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. ते चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्कची कंपनी. मर्स्ककडे जगभरातल्या कर्मचाऱ्यांच्या लॉगिनची माहिती दीडशेच्या आसपास सर्व्हरांवर होती, सगळे एकमेकांची नक्कल ठेवणारे. सगळे एकदमच गेले. वाचला तो एक, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेली होती आणि सर्व्हर नेटवर्कबाहेर होता. तिथल्या कर्मचाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून तो हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला आणि तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली. लोडशेडिंगला शिव्या घालत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

आणि लाईट न जाताही हे कसं साधायचं? २१ मार्च २०२१ च्या रविवारी पहाटे खुद्द महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे एमआयडीसीवर, सिनॅक नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे फाइलींना कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम. ॲप्लिकेशन सर्व्हर, डेटाबेस सर्व्हर, कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉप, सगळ्यांना झळ बसली आणि ऑनलाइन सेवा बंद ठेवाव्या लागल्या. चिंचोळीत प्लॉट असलेल्या उद्योजकाला हे परकं वाटायचं कारण नाही. प्लॉट, परवानगी, पाण्याचं बिल, सगळा संबंध याच कार्यालयाशी. पण ॲप्लिकेशन आणि डेटाबेसचे बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेले होते, आणि तिथपर्यंत संसर्ग पोचला नव्हता. बॅकअप जर त्याच नेटवर्कवर, त्याच ॲडमिन पासवर्डने उघडणाऱ्या फोल्डरमध्ये असता, तर रॅन्समवेअरने त्यालाही कुलूप घातलं असतं. हल्लेखोर हल्ली आधी बॅकअपच शोधतात.

दार कोण उघडतं

सुरक्षेची बाकीची कामं खरं तर कंटाळवाणी आहेत, आणि कंटाळवाणी असल्यामुळेच राहून जातात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ॲप डेटाबेसला सर्वाधिकार असलेल्या युजरने जोडलेलं असणं. शिल्लक वाचायला आलेल्या ॲपला टेबल पुसायचा अधिकार कशाला? ॲपमध्ये एखादी फट सापडली की आलेल्या चोराला तोच अधिकार आयता मिळतो. दुसरी चूक, आयते पासवर्ड. जुन्या ओरॅकलमध्ये सरावासाठी ‘स्कॉट’ नावाचा युजर यायचा, पासवर्ड ‘टायगर’. स्कॉट हा ओरॅकलचा सुरुवातीचा कर्मचारी आणि टायगर त्याची मांजर. हे जगातल्या प्रत्येक हॅकरला पाठ आहे.

तिसरी चूक गावाकडे फार दिसते. सॉफ्टवेअर देणारा इंजिनिअर पुण्यात बसतो, त्याला दर वेळी सोलापूरला यायला नको म्हणून राऊटरवर पोर्ट उघडून डेटाबेस थेट इंटरनेटवर ठेवलेला असतो. जानेवारी २०१७ मध्ये असेच पासवर्ड न लावता उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस स्वयंचलित प्रोग्रॅमने शोधून रिकामे केले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. व्हीपीएन आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावायला फार खर्च येत नाही. आणि डेव्हलपरला चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांच्या डेटाची कॉपी देत असाल तर मोबाईल नंबर आणि आधार आधी बदलून टाका. मुख्य सर्व्हरला सात कुलपं लावायची आणि तोच डेटा कुणाच्या तरी लॅपटॉपवर मोकळा, हे मी पाहिलंय.

सगळं काम बाहेरच्या कंपनीला दिलं म्हणजे सुटलो असंही नाही. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. स्टेट बँक आणि टीसीएस यांची ही संयुक्त कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देते. संसर्ग पसरू नये म्हणून एनपीसीआयने ३१ जुलैला तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं, आणि बातम्यांनुसार सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक एका दिवसात यूपीआयविना झाले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत मिळाली. त्या बँकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर कुणी हल्ला केला नव्हता.

नियम आता बरेच आहेत. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे चार स्तर ठरवले. बँक जितकी जास्त डिजिटल, तितकी जबाबदारी जास्त. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तुमच्या हातात सर्व्हर आला तर

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण दोन-तीन वर्षांत एखाद्या पतसंस्थेत, कारखान्यात किंवा हॉस्पिटलमध्ये ‘कॉम्प्युटरचं बघणारा’ म्हणून लागतील. पहिल्या आठवड्यात डेटाबेसची नेमकी आवृत्ती कोणती ते पाहा. एका ओळीच्या क्वेरीत कळतं. तिचा आधार कधी संपतो ती तारीख कॅलेंडरवर लिहा. मग एखादा जुना, कुणी वापरत नसलेला कॉम्प्युटर मागून घ्या, त्याचं नेटवर्क तोडा, कालचा बॅकअप त्यावर चढवा आणि घड्याळ लावा. सहकारी विचारतील, हे कशाला? चालतंय की सगळं. त्यांना चहा पाजा आणि चढवणं संपेपर्यंत थांबा. चढलाच, तर एका ओळखीच्या खातेदाराची कालची शेवटची नोंद उघडून पासबुकाशी ताडून पाहा. किती तास लागले तो आकडा साहेबांच्या टेबलावर ठेवा, कारण पुढच्या ‘रात्री १२ ते पहाटे ४’ च्या मेसेजमधली वेळ त्याच आकड्यावरून ठरायला हवी.